सुताराच्या हातचा तुकडा

माझी मावशी इस्पितळाच्या स्वयंपाकघरात कामाला. दिवसभर रोग्यांसाठी बिनमिठाचं शिजवायची आणि घरी येऊन म्हणायची, "आजही सगळ्यांनी तोंडं वाकडी केली." शनिवारी मात्र ती चर्चमधल्या रविवारच्या प्रभुभोजनाचा पाव भाजायची. तेव्हा तिच्या ओट्याजवळ फिरकायची कुणाची टाप नव्हती.

आमच्या मंडळीत पाळक पाव वाटत नाहीत. एकच मोठा पाव हातोहात फिरतो. प्रत्येकाने तुकडा मोडून पुढच्याला द्यायचा आणि म्हणायचं, "हे तुझ्यासाठी." आपला आपण कुणी घ्यायचा नाही. वर्षानुवर्षं पाव पुढच्या बाकावर खिडकीकडून निघे, दाराकडे जाई आणि मागच्या बाकावरून परत खिडकीशी येऊन संपे. खिडकीशी, पहिल्या जागेवर, सुतार बसायचा.

याच सुताराची मुलगी मावशीच्या मुलाच्या गाडीखाली गेली. तो प्यायलेला होता. शिक्षा भोगून सुटला आणि घरात पाऊल टाकताच म्हणाला, "आई, मला प्रभुभोजनाला यायचंय." मावशीला आधी सुतार आठवला. पण ती डोकेबाज. तिने त्याला मागच्या बाकावर, खिडकीकडच्या टोकाला, सुताराच्या बरोबर पाठीमागे बसवलं आणि आपण त्याला खेटून बसली. तिथे पाव सगळ्यात शेवटी येतो, आणि तोही तिच्याच हातून.

नेमके त्या रविवारी आमचे पाळक आजारी पडले. पाहुणे पाळक आले, त्यांना आमची रीत काय ठाऊक? त्यांनी पाव दाराकडून सुरू केला. मावशीचा चेहरा खाड्कन उतरला. आता पुढचा बाक सुतारापाशी संपणार, आणि मागे वळून तुकडा द्यायचा तो तिच्या मुलाला.

सुतार वळला. त्याने तुकडा मोडलासुद्धा. मुलाने दोन्ही हात पुढे केले. सुताराचे ओठ हलले, पण शब्द काही फुटेना. सगळी मंडळी माना खाली घालून बसली. तेवढं आम्हाला छान जमतं. शेवटी त्याने तो तुकडा मुठीत आवळला आणि उरलेला पाव मुलाला ओलांडून मावशीच्या हातात दिला.

मावशीने घाईघाईने तुकडा मोडून मुलापुढे धरला. "हे तुझ्यासाठी."

"नको, आई," तो हळूच म्हणाला. "तुझ्या हातचं मला घरीही मिळतं." आणि उठून बाहेर गेला.

घरी आल्यावर मी सुताराच्या नावाने खडे फोडू लागले, तर मावशीने मला गप्प केलं. "त्याला काही बोलू नकोस. त्याची पोर गेलीय. पोरगा त्याच्या हातचं मागायला आला होता, आणि मी आपली जागा धरत बसले."

मुलगा त्याच आठवड्यात गाव सोडून गेला. त्याचा फोन लागत नाही. मावशी अजून पाव भाजते. पाळक दर वेळी सांगतात, एका पावाचे वाटेकरी आपण सगळे एक शरीर आहोत. ऐकून माझं डोकं फिरतं. मावशी मात्र मान डोलावते, शेजारणीच्या हातून तुकडा घेते आणि तोंडात धरून बसते. तो गिळायला तिला फार वेळ लागतो.