ओढ्याचं वळण

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. आम्हा निवृत्तांच्या मंडळाची दर रविवारी भिंगारच्या ओढ्यातून निसर्गफेरी निघते, अध्यक्ष मीच. पुराने बाभळींवर टांगून ठेवलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांखालून आम्ही 'वा, वा' करत चालतो. पुढे वाट दाखवायला असतात पलीकडच्या काठावरचे माझे एक शेजारी. काठी आपटत ते सापांना बजावतात, "सरका पाव्हनं, साहेब लोक आल्यात!"

माझ्या घरामागे ओढा एकदम वळतो. तिथे सगळे हौसेने फोटो काढतात. ते वळण निसर्गाचं नाही, माझं आहे. बाग वाढवायला मी ओढ्यात भराव टाकून भिंत बांधली, आणि पुढच्या पुरात पाणी वळून शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात शिरलं. त्यांची मागची भिंत गेली. तिथे अजून पत्राच आहे.

परवा एका नव्या सभासदाने विचारलं, "इथं एवढं वळण कशानं पडलं हो?"

मी वाकून बुटाचा चिखल खरवडू लागलो. शेजाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "वढ्याची मर्जी," ते म्हणाले, "दुसरं काय!" सगळे हसले.

परतताना मी त्यांना एकटं गाठलं. "अहो, माझं जरा..."

"बोला की, अध्यक्ष."

'चुकलं' ओठांपर्यंत आलं होतं. मी म्हणालो, "फेरी छान झाली आज."