आतोबांच्या घरातली बटणं

नर्मदेवरचं धरण आधी आमच्या आतोबांनी बांधलं, सरकार मागाहून कामाला लागलं, हे मी आजही पैजेवर सांगेन. साठच्या सुमाराला तळोद्याच्या बाजारात त्यांना कुणीतरी म्हणालं, की सातपुड्यापलीकडे नर्मदा अडवणार आणि तिच्या पाण्यावर वीज होणार. झालं! आतोबा सुरतेहून विजेचे गोळे आणि ते बसवणारा वायरमन दोन्ही घेऊन आले. गावात खांब नाही, तार नाही. यांच्या खोलीखोलीत मात्र गोळा आणि दाराशी बटण. गोठ्यातसुद्धा! रोज संध्याकाळी ते सगळी बटणं खाली करत आणि मग निमूटपणे कंदिलाची काच पुसत. पाहुणा खोलीबाहेर पडला की ओरडत, "बटन बंद करी दे, भो! बिल येई!" एकदा अंधारातच माझे वडील दिपल्यासारखा डोळ्यांवर हात धरून चेष्टेने म्हणाले, "दाजी, उजेड डोयावर ई ऱ्हायना," तर आतोबांनी उठून खरोखरच एक बटण बंद केलं. आत्या कपाळाला हात लावायची.

हा खटाटोप होता त्यांच्या आईसाठी. मोतीबिंदूने म्हातारीची नजर विझत चालली होती आणि धुरकट चिमणीपलीकडे तिने जन्मात दिवा पाहिला नव्हता. पहिला गोळा तिच्या खाटेच्या वर टांगून आतोबांनी शब्द दिला होता, "माय, तुन्हा डोया शेतस तोवर वीज ली येसू."

धरणाची काही खबर येईना, तेव्हा ते केळीचा घड घेऊन नर्मदेकडे निघालेल्या मोजणीवाल्या साहेबांच्या जीपमध्ये जाऊन बसले. पुढे पायी डोंगर उतरून त्यांनी नर्मदा पाहिली आणि परत आले ते मुके होऊनच. हा अखंड बडबडणारा माणूस जेवताना मीठही मागेना! शेवटी ओट्यावर आम्हा सगळ्यांना बसवून म्हणाले, "मी तापीना पूर देखेल शे. पन हाई... दोन्हीकडे डोंगर उभा, नी मधमा ती चालनी. आशी मायले हात लावाले छाती पाह्यजे." मग आईच्या खोलीकडे बघत ते हळूच म्हणाले, "पन येळ लागी."

म्हातारीजवळ तेवढा वेळ नव्हता. दिवाळीपर्यंत तिने अंथरूण धरलं, दिसायचं तर त्याआधीच थांबलं होतं. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आतोबांनी नेहमीसारखं बटण खाली केलं. खट्! म्हातारीने आढ्याकडे तोंड केलं आणि दिपल्यासारखे डोळे मिचकावले.

"उनी रे भाऊ तुन्ही वीज! कसा लख्ख उजेड पडना!"

"हा, माय," एवढंच आतोबा म्हणाले. थोड्याच दिवसांत ती गेली. तिला खरंच तसं वाटलं, की तिने लेकाची समजूत घातली, हा प्रश्न त्यांना पुढे कितीतरी वर्षं छळत राहिला.

गावात वीज आली ती दुसरीकडूनच. नर्मदा तेव्हाही मोकळीच वाहत होती. त्या संध्याकाळी सगळा गाव बटणं दाबायला धावला. आतोबा मात्र आईच्या खाटेवर आडवे झाले, डोळे घट्ट मिटले आणि आत्याला म्हणाले, "दाब." खट् झालं, घर उजळलं, आम्ही ओरडलो. इतका सुंदर उजेड मी पुन्हा पाहिला नाही.

"आवाज तर तोच शे वं," आतोबा डोळे मिटूनच म्हणाले. "मायले खरंच वाटनं व्हई ना?"

"खरंच वाटनं," आत्या म्हणाली.

मग त्यांनी डोळे उघडले.