वहीतल्या काकाची माफी

मला लिहिता येतं असं माझं म्हणणं नाही. घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच, आणि परीक्षेची उत्तरं सोडली तर आजवर काही लिहिलेलं नाही. स्वप्नांवर बोलायचा अधिकार तर मला मुळीच नाही. तरी लिहितोय, त्याबद्दल माफी असावी. राग आलाय, आणि तो नक्की कुणावर काढावा हे कळत नाही.

शेणवे गावाच्या वरच्या अंगाला आमचा पाडा. आमच्या घरात एक रीत आहे. स्वप्नात ओळखीचं माणूस दिसलं की सकाळी त्याच्याकडे जायचं आणि ते त्यालाच सांगायचं. त्याच्याआधी दुसऱ्या कुणाला नाही. ऐकणारा पाणी देतो, आपण पितो, झालं. अर्थ काढत कुणी बसत नाही. भांडण असलं तरी जावंच लागतं. कितीतरी भांडणं अशीच मिटलेली मी पाहिली आहेत.

माझं भांडण थोरल्या काकाशी होतं. भांडण कसलं, चूक माझीच. म्हसा गावच्या जत्रेत मी कॉलेजच्या मित्रांबरोबर फिरत होतो. बैलबाजारात काका उभा होता, अंगात बनियन, डोक्याला फडकं, हातात बैलाचं दावं. त्याने हाक मारली, "ए पोरा, इकडं ये रे! बघ कसा बैल हाय!"

मित्राने विचारलं, "तुला बोलावतायत का?"

"नाही रे, दुसऱ्या कुणाला तरी," मी म्हणालो.

काकाने ते ऐकलं. ओढा भरला की मला खांद्यावर घेऊन शाळेला पोचवणारा हा माणूस. त्यानंतर मी त्याच्या दारासमोरून जायचं टाळू लागलो.

काही महिन्यांनी मला स्वप्न पडलं. तोच बाजार, तोच काका, हातात दावं, पण दाव्याला बैल नाही. रिकामं दावं तो माझ्यापुढे धरत होता. सकाळी उठून जायला हवं होतं. पण त्याच दिवशी कॉलेजात कार्यशाळा होती. युंगच्या मानसशास्त्रातून स्वप्नांचा अर्थ लावायचा आणि स्वतःचा विकास करायचा. म्हटलं, आधी शास्त्र काय म्हणतं ते बघू.

मुंबईहून आलेल्या मॅडमनी विचारलं, "कोण सांगेल आपलं स्वप्न?" मी हात वर केला. घरातली रीतही सांगितली.

"छान! यातला काका म्हणजे तूच," मॅडम म्हणाल्या. "तू नाकारलेला तुझाच भाग. तुझी सावली. त्याच्याशी बोल."

"म्हणजे आज घरी जाऊन बोलू?"

सगळा हॉल हसला. मॅडमही हसल्या. "अरे, खऱ्या काकांशी नाही, वहीत! आणि ते जाऊन सांगणं वगैरे सोड आता. अंधश्रद्धा आहे ती. तू शिकलास ना?"

खरं सांगतो, मला बरं वाटलं. आता काकापुढे उभं राहायला नको होतं.

मी वही केली. एक ओळ माझी, एक ओळ काकाची. वहीतला काका शुद्ध भाषेत बोलायचा. "बाळा, मी तुझ्यावर रागावलेलो नाही," असं म्हणून त्याने मला दोन पानांत माफ केलं. खऱ्या काकाने मला जन्मात बाळा म्हटलेलं नाही.

पुढे ग्रंथालयातून त्याच विषयाचं पुस्तक आणलं. इंग्रजी, हळूहळू वाचलं. त्यात साफ लिहिलंय की रोजच्या नात्यातलं माणूस स्वप्नात आलं, तर आधी त्याच्याशी असलेलं खरं नातं बघा. आतला अर्थ त्यानंतर. मग हे मला का नाही सांगितलं? आमचा काका खरा असू शकतो, एवढंही मॅडमना वाटलं नाही? सावली म्हणे! पाड्यावरच्या माणसाने नुसतं चिन्ह व्हायचं, आणि त्याच्याकडे चालत गेलं तर ती अंधश्रद्धा? आणि मी त्यांच्याबरोबर मान हलवली, याची चीड त्याहून जास्त आहे.

मागच्या आठवड्यात चुलत बहीण आसनगावला रिक्षा थांब्यावर भेटली. काकाची मुलगी.

"बाबा तुझ्यावर लय रागावलाय," ती म्हणाली.

"जत्रेवरून ना?"

"जत्रंचं कवाच इसरला तो. तुला सपान सांगाला कॉलेजात आलता. तू बाहेर नाय आला."

"कधी?"

तिने दिवस सांगितला. तोच, कार्यशाळेचा.

"शिपाई बोलला, आत सपनांचा कार्यक्रम हाय, नंतर या. बाबा बोलला, मंग बरोबर आलो, मलाबी पडलंय. शिपाई लागला हसाला. आतूनबी हसन्याचा आवाज आला. बाबा दुपारपावत गेटावर बसला नि गेला."

आत तेव्हा सगळे मलाच हसत होते.

"काय स्वप्न पडलं होतं त्याला?"

"काय म्हायीत? आजून कुनाला सांगितलं नाय त्यानं. तुझं हाय म्हनतो, तुलाच सांगनार."