बास्टर्ड, बारा इंची

"बास्टर्ड," साहेब म्हणाला.

मी बाकावरची बारा इंची कानस उचलली, फडक्यानं पुसली आणि त्याच्यापुढे धरली.

साहेबानं ती घेतली नाही. त्याच्यासोबत नागपूरहून आलेले दोन पाहुणे होते, इस्त्रीच्या कपड्यातले. त्यांच्याकडे बघून साहेब म्हणाला, "पाहिलंत? मी याला हाक मारली, आणि हा कानस देतोय."

पाहुणे हसले. एकाला तर ठसका लागला. स्टोअरचा बाबू हसला. दारातला चौकीदार काही न समजता हसला. मग मीही हसलो.

साहेब हसतो म्हणजे काही चांगलंच असेल, असं वाटलं. कानस हातात तशीच धरून, दात काढून हसलो. बावीस वर्षांचा बाप्या. त्या हसण्याची मला इतक्या वर्षांनीही किळस येते. त्यांच्या नाही, ते हसणारच होते. माझ्या.

यवतमाळच्या एका जिनात मी फिटरच्या हाताखाली होतो. जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. दिवाळीनंतर बैलगाड्यांची रांग लागायची आणि सरकी काढायची यंत्रं, रेचे, सुरू व्हायचे ते उन्हाळ्यापर्यंत. माझी माय त्याच जिनात रेच्यावर कापूस टाकायची. डोक्यात, भुवयांत, पापण्यांत कापसाची रुई. आम्ही दोघं संध्याकाळी घरी निघालो की ती माझ्यापेक्षा वीस वर्षांनी नाही, चाळीस वर्षांनी मोठी दिसायची.

काम मला रहीमचाचांनी शिकवलं. ते जिनाचे जुने मिस्त्री. त्यांनी पहिल्या दिवशी कानशी मांडून दाखवल्या. "ये रफ. ये बास्टर. ये बारीक. पहले बास्टर मार, फिर बारीक." बास्टर म्हणजे मधल्या दातांची कानस. ना धड खरबरीत, ना धड बारीक. पुली शाफ्टवर पक्की धरणारी लोखंडाची चाबी, म्हणजे पाचर, बसवायची तर तिच्याशिवाय काम होत नाही. मी ती कानस चालवायला शिकलो. दोन महिन्यांत असा हात बसला की चाचा माझी चाबी नुसती अंगठ्यानं तपासायचे आणि मान हलवायचे.

साहेब डिप्लोमा झालेला इंजिनियर. पुण्याकडचा. शब्द कसा साफ बोलायचा. चाचा म्हणायचे 'बास्टर'. साहेब शेवटचा 'ड' जिभेनं आपटायचा. चाचांच्या तोंडात ती कानस होती. साहेबाच्या तोंडात मी होतो. हे मला कळायला सहा महिने लागले.

तोवर तेच माझं नाव झालं. "ए बास्टर्ड, पट्टा बघ." "बास्टर्डला पाठवा." माझ्या बरोबरीचे मजूर तर प्रेमानं म्हणायचे, "बास्टरभाऊ, चाय घेतो का?" त्यांना काय माहीत. मलाच माहीत नव्हतं. उलट मला बरं वाटायचं. गावात लोक आम्हाला जातीच्या नावानं बोलवायचे. इथं साहेबानं मला हत्याराचं नाव दिलं, तेही इंग्रजी. दीक्षा घेऊन चार-पाच वर्षं झाली होती. देव नाल्यात सोडले होते, मेलेली ढोरं ओढणं सोडलं होतं. नवीन धर्म, नवीन काम, नवीन नाव. असा मी मूर्ख.

घरी जाऊन मायला सांगितलं. "माय, साहेबानं मले इंग्रजी नाव देलं."

"काय नाव?"

"बास्टर. मोठी कानस राह्यते. तिच्याशिवाय कारखाना चालत नाही."

माय हरखली. दुसऱ्या दिवशी नळावर तिनं सगळ्या बायांना सांगितलं. मी कामावरून आलो की शेजारणीला म्हणायची, "थांब वं, माहा बास्टर आला. त्याले भाकर देतो." माझ्या मायच्या तोंडून. कौतुकानं.

आमच्या वस्तीत सुमन नावाची एक मुलगी होती, कॉलेजात जाणारी. आमच्यातली पहिलीच. रविवारी विहाराच्या ओट्यावर ती बायांना अक्षरं शिकवायची. तिनं एकदा मायला मला त्या नावानं हाक मारताना ऐकलं आणि तिचा चेहरा उतरला. मायपुढे काही बोलली नाही. मला बाजूला घेतलं.

"दादा, हे नाव कोणं ठेवलं?"

"साहेबानं. काहून?"

"मावशीले म्हणा, ते नाव घेऊ नका."

"काहून पण? कानसीचं नाव हाय."

ती आत जाऊन डिक्शनरी घेऊन आली. जाड, पुठ्ठा निघालेली. पान काढलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "दोन अर्थ हायेत. एक कानसीचा, तो खरा हाय. दुसरा..." थांबली. "जारज."

"जारज म्हणजे?"

बघा, आमची तऱ्हा. इंग्रजी शब्दाचा मराठी अर्थ सांगितला, तर तो मराठीही आमचा नाही. शिवीसुद्धा कोशात घातली की सोवळं नेसून बसते.

सुमनने डिक्शनरी मिटली. मला तिची ताकद आजही आठवते. वीस वर्षांची पोरगी, ओट्यावर चार बाया बसलेल्या, आणि ती न अडखळता म्हणाली, "ज्याच्या मायचं लगन झालं नाही अन् बापाचा पत्ता नाही, असा. गोरे लोक शिवी म्हणून वापरत. आता हे वापरतात."

मी तिथंच बसलो. कानात जिनाचा पट्टा फिरत असल्यासारखा आवाज.

माझा बाप तापानं गेला, तेव्हा मी पोटात चार महिन्यांचा होतो. आमचं गाव कळंबकडचं. मी जन्मलो तेव्हा पाटलाच्या घरच्या बाईनं पाणवठ्यावर विचारलं, "नवरा मेला, मग हे पोरगं कोणाचं?" महिने मोजता येत होते तिला. मोजायचे नव्हते. ते वाक्य गावभर फिरलं. शाळेत मास्तरानं बापाचं नाव विचारलं, की मागच्या बाकावरून पोरं खोकायची. शेवटी माय मला घेऊन यवतमाळला आली. हे साहेबाला माहीत नव्हतं. त्याला माहीत असायची गरजही नव्हती. आमच्यातल्या कोणालाही तो शब्द लागू पडतो, हे त्याला न विचारताच ठाऊक होतं.

घरी गेलो. माय भाकर थापत होती.

"माय, ते नाव घेऊ नको आता."

"काहून रे?"

सांगितलं. सुमनने सांगितलं तसंच. दुसरे शब्द माझ्याकडे नव्हते.

तिचे हात थांबले नाहीत. भाकर तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. मग म्हणाली, "पाटलीन हेच म्हने. मराठीत म्हने. त्या शब्दापासून म्या तुले घेऊन पळाली होती. तूच तो घरी घेऊन आला. अन् म्या साऱ्या गल्लीत वाटला."

मी खाली बघत होतो.

"उद्या काय करशीन?"

"हाक मारली तं जाणार नाही."

"एवढंच?" माय म्हणाली.

सोमवारी साहेब वर्कशॉपमध्ये आला. शाफ्टवरची पुली ढिली झाली होती. "बास्टर्ड, इकडे ये."

मी व्हाइसच्या पकडीत धरून चाबी घासत होतो. घासत राहिलो.

"ए, बहिरा झालास का? बास्टर्ड."

मी कानस खाली ठेवली. "साहेब, कोणाले बोलावून राह्यले? कानसीले का मले?"

वर्कशॉपमध्ये सगळ्यांचे हात थांबले. साहेबाला आधी समजलंच नाही. मग समजलं. त्याचं तोंड आधी गोरं होतं, ते अजून गोरं झालं.

"तुलाच."

"मले नाव हाय. मस्टरवर लिहिलं हाय. बापाच्या नावासकट."

"माज आला का रे? दोन अक्षरं शिकलात की लगेच..." पुढचं त्यानं गिळलं. 'तुम्ही लोक' असंच काहीतरी होतं.

प्रकरण जिनाच्या मालकाकडे, शेठजींच्या ऑफिसात गेलं. शेठजी गादीवर, साहेब खुर्चीवर, मी आणि चाचा उभे. साहेबानं स्टोअरच्या बाबूकडून सामानाचं छापील पुस्तक मागवलं आणि त्यावर बोट ठेवलं. "हे बघा शेठजी. बास्टर्ड फाईल, बारा इंच. तांत्रिक शब्द आहे. या माणसाच्या मनात घाण असेल, तर त्याला मी काय करू?"

खरं सांगतो, त्या क्षणी मला त्याचं कौतुक वाटलं. काय सोय आहे. शिवी द्यायची दुसऱ्या अर्थानं, आणि पकडलं गेलं की पहिल्या अर्थात जाऊन लपायचं. आमच्या गावचा पाटील शिवी द्यायचा, पण दिली म्हणून कबूल तरी व्हायचा. या शिकलेल्या माणसात तेवढाही दम नव्हता. पुस्तकाच्या पानामागे लपला, बारा इंची कानसीच्या आड.

शेठजी हसले. "अरे भाई, औजार का नाम है. इसमें बुरा क्या मानना? काम कर अपना."

चाचा हळूच म्हणाले, "माफी मांग ले बेटा. लफ्ज ही तो है."

चाचांचा मला राग नाही आला. पण उत्तर त्यांनीच मला दिलं. नुसता लफ्जच आहे ना.

मी शेठजींना म्हणालो, "शेठजी, म्हणजे या शब्दात काही वाईट नाही?"

"कुछ नहीं."

"साहेब, तुमी बी म्हणता, वाईट नाही?"

"सांगितलं ना एकदा."

"मंग ठीक." मी साहेबाकडे वळलो. अंगठ्यावर लोखंडाचा कीस होता, तो पँटीला पुसला. आणि मला येईल तितक्या साफ, शेवटचा 'ड' आपटून म्हणालो, "बास्टर्ड, ते पुस्तक बाबूले वापस द्या. आपल्याले पुली बसवायची हाय."

कोणी हसलं नाही.

पाहुण्यांपुढे इतका हसवणारा शब्द. त्या ऑफिसात एकाच्याही ओठाला सुरकुती पडली नाही. साहेब खुर्चीतून असा उठला की खुर्ची मागे पडली. त्यानं हात उगारला. चाचा मध्ये आले. शेठजी गादीवरून ओरडले, "निकालो इसको. गंदी जबान का आदमी." एका मिनिटात तांत्रिक शब्द गंदी जबान झाला. खालून वर गेला, एवढाच फरक.

मला गेटाबाहेर काढलं. माय रेच्यावर होती. तिला कोणीतरी सांगितलं असेल. ती टोपलं खाली ठेवून, पदरानं तोंडावरची रुई पुसत बाहेर आली. तिला कोणी काढलं नव्हतं.

"तू काहून आली?" मी विचारलं.

"माहं बी तेच नाव झालं नं," ती म्हणाली. "तू त्या शब्दाचा, तं म्या कोण?"

आम्ही दोघं चालत घरी आलो. भीती वाटत होती, ते खोटं सांगत नाही. हंगाम ऐन भरात होता आणि दोघंही बसलेलो.

आठ-दहा दिवसांनी स्टोअरचा बाबू वस्तीत आला. पुल्या परत परत सरकत होत्या. चाचांच्या डोळ्यांना बारीक काम दिसेना. साहेबाला डिप्लोमा होता, हात नव्हता. बाबूनं एक टाइप केलेला कागद काढला. इंग्रजी. "एवढी सही कर आणि उद्यापासून ये. मायला पण घेऊन ये. साहेब मोठ्या मनाचे आहेत."

"काय लिहिलं हाय?"

"माफी. नुसता रिवाज असतो."

"वाचून घेतो," मी म्हणालो. बाबूला ते आवडलं नाही. सही करणाऱ्यानं वाचायचं असतं, हे त्याच्या रिवाजात नव्हतं.

सुमनच्या घरी गेलो. बाबू मागोमाग. ती कागद वाचत गेली आणि एका ठिकाणी थांबून हसली. त्या सगळ्या प्रकरणात कोणी मनापासून हसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

"दादा, ऐका. 'मी माझ्या वरिष्ठांना उद्देशून अत्यंत अश्लील आणि गलिच्छ शब्द वापरला, याची मला लाज वाटते.'"

मी बाबूला विचारलं, "कोणता शब्द?"

बाबू दाराकडे बघू लागला.

"बाबू, तुमच्या स्टोअरच्या पुस्तकात छापला हाय तोच का? सहा महिने साहेब मले रोज म्हणत होते तोच?"

"जाऊ दे रे. सही कर. लेकराबाळांचा विचार कर पुढचा."

तोच करत होतो. उद्या मला पोरगं होईल, त्याला शाळेत घालीन, तिथं कोणी साहेबाचा पोरगा असेल. त्यालाही शब्दांचे दोन अर्थ येत असतील. तेव्हा माझ्या पोराला सांगायला माझ्याकडे काय असेल? गलिच्छपणाची माफी मागितलेला कागद?

सुमनकडून दौत-टाक घेतला. सहीच्या जागी मी मराठीत लिहिलं: 'वाचलं. अर्थ समजला. शिवी साहेबांनी दिली. मी फक्त ती परत केली. माफी मागत नाही.' खाली माझं नाव लिहिलं, मधे बापाचं, शेवटी आडनाव. बापाचं नाव लिहिताना हात जड केला. टाकाचं टोक कागदातून पार गेलं.

बाबू म्हणाला, "पुन्हा या जिनात तुला कोणी उभं करणार नाही."

"म्या उभा राहणारच नाही," मी म्हणालो.

नंतर मी फुलसावंगीकडच्या खेड्यांत ऑइल इंजिनं दुरुस्त करत फिरलो. सायकलवर पेटी बांधून. पहिल्याच वाड्यात मालकानं ओसरीखाली उभं राहायला सांगितलं आणि "ए" म्हणून हाक मारली. मी पेटी उघडली नाही. म्हणालो, "नाव विचारा आधी. मंग इंजिन कुठं हाय ते दाखवा." त्याच्या शेतात पाण्यावाचून ऊस सुकत होता. मला घाई नव्हती. तो नाव विचारीपर्यंत मी पान्ह्याला हात लावणार नव्हतो. त्या दिवशी नाही, आणि पुढे कोणाच्याही दारात नाही.