जानकीबाईंच्या काळजातला आवाज

नाहूरला डॉक्टर शरच्चंद्रांच्या दवाखान्यात सगळे पेशंट बाकावर बसत आणि जानकीबाई खुर्चीवर. तीही बाहेर नव्हे, आत, डॉक्टरांच्या टेबलाला लागून. कुणी कुरकुर केलीच, तर नंबर देणारी मालन सांगायची, "त्या दाखवायला नाही येत. शिकवायला येतात."

तसं बाईंचं शिक्षण देवगडकडच्या शाळेत चौथीला संपलेलं. पुढे लग्न, लालबागची खोली, मग नवऱ्याची गिरणी बंद. पोळीभाजीचे डबे करून त्यांनी संसार नाहूरपर्यंत ओढत आणला. त्यात अंगातलं रक्त आटलं आणि जिना चढताना धाप लागायला लागली. तेव्हा डॉक्टरांनी छातीला नळी लावली, तर हृदयाच्या ठोक्यामागून फुस्स असा एक जादा आवाज येत होता. डॉक्टरांना असा काही आनंद झाला, की आधी त्यांनी शिकाऊ पोराला हाक मारली आणि मग बाईंना गोळ्या लिहून दिल्या.

डॉक्टरांकडे शिकाऊ डॉक्टर कायम असत. मोठ्या इस्पितळात यंत्रं बघून आलेली पोरं, फॅमिली डॉक्टरकी शिकायला इथं यायची. सासूच्या पोटदुखीमागची सून ओळखायची, खोकला ऐकताना घरचं भाडं ऐकायचं, असली विद्या. पण पहिल्या दिवशी परीक्षा जानकीबाईंची. आवाज ऐकू आला, तर डॉक्टरांशेजारी बसून पेशंट तपासायचे. नाही आला, तर महिनाभर बाहेरच्या कोपऱ्यात बसून बीपी बघायचं.

त्यामुळे आवाज सगळ्यांनाच यायचा. जाणारा पोरगा येणाऱ्याला सांगूनच जायचा, डावीकडे, तिसऱ्या बरगडीपाशी, फुस्स. उरलंसुरलं बाई सांगत. "हयसर लाव. आता दम धरतंय. इलो मा?"

"आला, काकी."

घरी सून टीव्हीचा रिमोट देत नव्हती. सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणी बसा म्हणत नव्हतं. इथं मात्र शिकलीसवरलेली पोरं त्यांच्यापुढं वाकत. त्या खुर्चीसाठी बाई आठवड्याला इस्त्रीचं लुगडं नेसून येत. गोळ्याही नेमानं घेत, कारण काळजातला आवाज टिकवायला औषधपाणी लागतंच, अशी त्यांची समजूत.

मग स्वरदा आली. मुलुंडची, बारकीशी, चष्म्यातून रोखून बघणारी. तिनं नळी लावली, डोळे मिटले, बराच वेळ वाकून राहिली.

"सर, नाही ऐकू आलं."

"नीट ऐक," डॉक्टर म्हणाले.

तिनं परत ऐकलं. बसवून ऐकलं, डाव्या कुशीवर निजवून ऐकलं. "नाहीये, सर."

"चेडवा, कान धुवन इलंस काय?" जानकीबाई म्हणाल्या. "जरा खाली लाव. हां. आता येतलो."

"नाही येत हो, काकी."

शेवटी डॉक्टर स्वतः उठले. शिकाऊ पोरं तो आवाज ऐकायला लागल्यापासून बाईंच्या छातीला त्यांनी स्वतः नळी लावली नव्हती. गरजच काय? त्यांनी ऐकलं, नळी झटकली, परत ऐकलं.

"अभिनंदन, जानकीबाई. आवाज गेला. रक्त कमी होतं म्हणून येत होता. गोळ्यांनी रक्त भरलं. माझ्या औषधाचा गुण."

"कधी गेला, सर?" स्वरदानं विचारलं. खवचटपणे नव्हे, शिकायला आली होती म्हणून.

डॉक्टर पेनाचं टोपण शोधायला लागले.

"गेलो म्हणजे खंय गेलो?" बाई भडकल्या. "गेल्या वर्साक त्या मुकुलाक इलो. तेका तर नळी कानात घालूच्या आधीच इलो. तेका बलवा आणि इचारा."

मुकुल आता घाटकोपरला स्वतःचा दवाखाना थाटून लोकांची हृदयं ऐकत होता. त्याला बोलवायची डॉक्टरांना अजिबात घाई दिसली नाही.

"स्वरदा," ते म्हणाले, "तू महिनाभर बीपी बघ. नियम म्हणजे नियम."

बाई बऱ्या झाल्या म्हटल्यावर खुर्चीचं काय काम? दुसऱ्या दिवशी मालननं खुर्चीवर औषधांची खोकी रचली. घरी मुलानं पेढे आणले आणि बाईंनी ते कडू तोंडानं खाल्ले. काळीज ठणठणीत, आणि बाईंना सगळ्या नाहुरात कुणी विचारीना.

पुढच्या आठवड्यात त्या आल्या, नंबर घेतला, बाकावर बसल्या. लुगड्याला इस्त्री नव्हती. कोपऱ्यातून स्वरदानं हाक मारली, "काकी, या, बीपी बघते." त्या उठल्या, तशी स्वरदाची मान वळली.

"हे काय वाजलं?"

"खंय? गुडघो मां? वाजता तो कधीचो. जिने चढान चढान."

स्वरदानं बाईंना बसवलं, नळी गुडघ्याला लावली, पाय हळू वाकवला. आतून कोरड्या पाचोळ्यात कुणी चालावं तसा आवाज आला.

"आला?" बाईंनी दबकत विचारलं.

"आला, काकी. सर, जरा इकडे येता? हा तुम्हालाही येईल."

डॉक्टर आले, वाकले आणि त्यांना खरंच ऐकू आला. चेहरा असा खुलला, की बाई समजायचं ते समजल्या. गुडघ्याला गोळी देणार काय, हे त्यांनी विचारलं नाही. आवाजाला औषध केलं की काय होतं, ते त्यांनी एकदा भोगलं होतं.

डॉक्टरांनी मालनकडं बघून मान हलवली. मालननं खोकी उतरवली.

खुर्चीत नीट टेकून बाईंनी पाय पुढं केला. स्वरदा पुन्हा वाकवायला लागली, तशा म्हणाल्या, "हळू गो. फुडच्या पोराक शिल्लक रवांदे."