दोन्हीकडचा गडी

जर्मनीतल्या लिंडनबाख गावच्या गिम्नाझियुममध्ये, म्हणजे माध्यमिक शाळेत, स्नेहलता गजभिये दुपारच्या सत्रात मुलं सांभाळते, असं तिच्या नेमणुकीच्या पत्रात लिहिलंय. प्रत्यक्षात ती मुलांना पळवते. गृहपाठ आटोपला की शाळेमागच्या मैदानावर नेते आणि अंधार पडेपर्यंत दम काढते. मुलं तिला फ्राउ गज, म्हणजे गजबाई, म्हणतात. अख्खं आडनाव त्यांना झेपत नाही, आणि अर्धं तिला चालतं.

ती मूळची वर्धा जिल्ह्यातली. खो-खोमध्ये जिल्ह्याच्या संघात होती, मग बी.पी.एड. केलं. नवऱ्याला, सुदामला, न्युरेम्बर्गच्या कंपनीत इंजिनिअरची नोकरी लागली तेव्हा ती त्याच्यासोबत इकडे आली. घरभाडं कमी म्हणून दोघांनी शहराबाहेरचं हे छोटं गाव निवडलं. तिची पदवी इथे मान्य व्हावी म्हणून सुदामने बऱ्याच आम्टांचे, म्हणजे सरकारी कचेऱ्यांचे, उंबरे झिजवले. एके दिवशी तीच म्हणाली, "अहो, राहू द्या आता. मुलांना पळता येतं की नाही हे बघायला कुठला आम्ट लागतो?" आणि ती दुपारच्या सत्राचं काम मागायला शाळेत गेली. त्याला आता वीस वर्षं होत आली.

या गावात तिचा जीव अडकला तो चार गावांच्या स्पर्धेमुळे.

जर्मनीत खेळ शाळेत फारसा नसतो, तो गावातल्या फेराइनमध्ये, म्हणजे क्लबात असतो. शाळा-शाळांच्या स्पर्धा होतात त्या जिल्ह्याच्या, आणि तिथे शहरातल्या मोठ्या शाळा सगळं घेऊन जातात. लिंडनबाखसारख्या शाळेची पोरं सकाळी बसने जायची, पहिल्याच फेरीत बाद व्हायची आणि उरलेला दिवस सँडविच खात बसायची. चाळीसेक वर्षांपूर्वी चार छोट्या गावांतल्या चार खेळशिक्षकांनी एका संध्याकाळी बिअर पिता पिता ठरवलं, की आपण आपली वेगळी स्पर्धा करू. जूनमध्ये एक दिवस. लांब उडी, गोळाफेक, धावणं, आणि शेवटी दहा जणांची रिले.

त्यांनी एक नियम मात्र फार शहाणपणाने केला. रिलेत जी शाळा शेवटची येईल, तिच्याकडे पुढच्या वर्षीची स्पर्धा. यजमान म्हणजे सॉसेजची शेगडी, केकचं टेबल, गावचा बँड, महापौरांचं भाषण, सगळं त्या गावात. त्यामुळे हरण्याची कुणाला लाज वाटेना. चारांत लिंडनबाखची शाळा सर्वांत लहान, म्हणून बहुतेक वर्षी स्पर्धा तिथेच भरे. गावातल्या बायका तर केकचे साचे माळ्यावर टाकतच नसत.

त्या चार शिक्षकांपैकी आता एकटे पॉप उरले होते. ग्रॉसविजनच्या शाळेतून निवृत्त झालेले, उंच, वाकलेले आणि नियमाला पक्के. स्पर्धेचे नियम त्यांनीच लिहिलेले, त्यामुळे ते त्यांना तोंडपाठ. त्यातला एक नियम असा, की जी शाळा रिलेत पूर्ण दहा जण उतरवणार नाही, तिची स्पर्धेतली जागा कायमची गेली.

यंदाही यजमान लिंडनबाखच. आणि स्पर्धेच्या आठवड्यातच शाळेत उलट्या-जुलाबांची साथ आली. एकेक करत मुलं घरी बसली. शेवटी रिलेला नऊ जण उरले, स्नेहलताची मुलगी मैत्री धरून.

"दहावं कुणी नाही?" सुदामने सकाळी चहा घेताना विचारलं.

"आहे ना. तुम्ही."

"माझा गुडघा."

"मग विचारता कशाला?"

मैत्री बुटांच्या नाड्या बांधत होती. आईबापांचं मराठी तिला सगळं कळे, उत्तर मात्र जर्मनमध्ये येई. ती म्हणाली, आज नऊ जणांवरून आपल्याला बाहेर काढलं तर सगळंच संपेल, कारण ग्रॉसविजनचे डायरेक्टर तेवढीच वाट बघतायत.

ते खरं होतं. ग्रॉसविजनची शाळा मोठी झाली होती, रिले दर वर्षी तीच जिंकत होती. तिथले डायरेक्टर, म्हणजे मुख्याध्यापक, नवे होते. त्यांना या गावजत्रेतून निघून जिल्ह्याच्या मोठ्या स्पर्धेत उतरायचं होतं. चार शाळा आहेत तोवर निघून जाणं बरं दिसत नव्हतं. तीनच उरल्या, तर कुणी नाव ठेवलं नसतं.

"संपत नाही," स्नेहलता म्हणाली. "चल. डबा घे."

शाळेच्या मैदानावर शेगडी पेटली होती. तिच्या धुराच्या बाजूलाच एका टेबलाशी चारही शाळांचे लोक आणि पॉप बैठकीला बसले होते. स्नेहलताने फिरवून-फिरवून सांगितलं नाही. "आमच्याकडे नऊ जण आहेत," ती म्हणाली. "ग्रॉसविजनकडे पंधरा आलेत. त्यातलं एक मूल आज दोन्हीकडून धावेल."

मग डायरेक्टरांनी विचारलं, "दोन्हीकडून म्हणजे?"

"आधी तुमच्यासाठी धावेल, थोडं थांबेल, मग आमच्यासाठी धावेल. आमच्याकडे खेळायला विषम मुलं जमली की असंच करतात. एक जण दोन्हीकडचा गडी."

"पण ते मूल नक्की कुणाचं?"

"दोघांचं."

"फ्राउ गजभिये, असं कसं असेल? ते मनातून एका बाजूचं असणारच. दुसऱ्या बाजूसाठी ते मुद्दाम हळू धावेल."

इथल्या लोकांना हे पटत नाही, हे स्नेहलताला नवं नव्हतं. लिंडनबाखच्या शाळेत लागली त्या पहिल्याच वर्षी तिने हे करून पाहिलं होतं. चेंडूच्या खेळाला मुलं विषम होती, म्हणून तिने लेना क्रेस नावाच्या मुलीला दोन्हीकडून खेळवलं. आठवडाभर तोच खेळ चालला. मग लेनाची आई शाळेत आली. माझ्या मुलीला एकही संघ घेत नाही का, तिला सगळ्यांसमोर असं वेगळं का काढता, असं तिने हळू आवाजात पण थेट विचारलं. स्नेहलता चक्रावली. तिच्या गल्लीत दोन्हीकडचा गडी व्हायला मुलं भांडायची. ज्याच्यावर दोन्ही बाजूंचा विश्वास असेल त्यालाच ते मिळे, आणि वर डबल खेळायला मिळे. हे तिने तेव्हाच्या मोडक्या जर्मनमध्ये समजावून पाहिलं. आईला पटलं नाही. स्नेहलताने तो प्रकार तिथेच बंद केला, आणि इतक्या वर्षांत पुन्हा तोंडातून काढला नव्हता.

आज तीच लेना टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसली होती. लिंडनबाखमधून शिकून ती शिक्षिका झाली आणि ग्रॉसविजनला खेळ शिकवायला लागली. तिने आपल्या डायरेक्टरांकडे न बघता पॉपना सांगितलं, "मी खेळलेय तशी. लहानपणी, इथेच. मुद्दाम हळू खेळता येत नाही. दोन्हीकडचे बघत असतात."

"तुझी आई तर..." स्नेहलता म्हणाली.

"आईला वाटलं मी रडते ते तुम्ही मला वेगळं काढलंत म्हणून. मी रडत होते ते तुम्ही बंद केलंत म्हणून."

स्नेहलता हसली. "मग तेव्हाच सांगायचं होतंस ना ग, बाई." हे ती मराठीतच बोलली, पण लेनाला कळल्यासारखं दिसलं.

पॉपनी चष्मा काढून पुसला. "आल्झो, तर मग," ते म्हणाले. "नियम म्हणतो, प्रत्येक शाळेने दहा जण उतरवावेत. ते दहा जण कुठल्या शाळेचे, हे नियमात नाही. ही मीच ठेवलेली फट आहे, आणि आज ती बुजवायची माझी इच्छा नाही."

डायरेक्टर म्हणाले, "ठीक. पण मूल आम्ही निवडणार."

"नाही," स्नेहलता म्हणाली. "दोन्हीकडचा गडी दोघांनी मिळून निवडायचा असतो. लेना, तुझ्या पोरांत असं कोण आहे, जे बाद झाल्यावर कुणी सांगायच्या आत आपणहून बाजूला होतं?"

लेनाला विचार करावा लागला नाही. "युले."

"वेगवान आहे?"

"मधली आहे."

"मग झालं."

डायरेक्टरांनी खांदे उडवले. मधली म्हटल्यावर त्यांना हरकत घ्यायला काही उरलं नव्हतं.

युले चौदा वर्षांची, लाल केसांची, कमी बोलणारी. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "शर्ट कुणाचा घालायचा?" स्नेहलता म्हणाली, "पहिल्यांदा तुमचा, मग आमचा." मग ती तिला जिमच्या मागे घेऊन गेली. लिंडनबाखची नऊही मुलं तिथे आधीच जमली होती.

स्नेहलताच्या मुलांची बॅटन देण्याची रीत वेगळी होती. खो-खोत पाठीमागून येऊन बसलेल्याला हात लावायचा आणि खो म्हणायचं. खो कानावर पडल्याशिवाय बसलेल्याने उठायचं नाही. रिलेतही तिने तेच आणलं होतं. मागून येणारा बॅटन पुढच्याच्या हातात पक्की दाबतो, मोठ्याने "खो" म्हणतो, आणि तो शब्द ऐकल्यावरच पुढचा सुसाट सुटतो. ऑलिम्पिकवाले याला हसतील. त्यात थोडा वेळ जातो हे तिलाही ठाऊक होतं. पण तिच्या मुलांच्या हातून बॅटन कधी पडली नव्हती.

"खो," युले म्हणून बघत होती. "को."

"को नाही. पोटातून काढ. खो."

मैत्रीने तिला चार-पाच वेळा करून दाखवलं. नवव्या टप्प्यावर युले धावणार होती आणि शेवटी मैत्री, म्हणजे युलेच्या हातून बॅटन तिलाच घ्यायची होती. दोघी जर्मनमध्ये काहीतरी बोलून खिदळल्या.

"काय म्हणते ती?" स्नेहलताने विचारलं.

मैत्रीने या वेळी मराठीत सांगितलं. "म्हणते, तुझी आई रोज एवढी ओरडते का?"

"तू काय सांगितलंस?"

"गेनाऊ. अगदी रोज."

दुपारी रिले सुरू झाली. पहिल्या टप्प्याला युले ग्रॉसविजनच्या निळ्या शर्टात धावली आणि नेमकी मधली धावली. मग ती मैदान ओलांडून आली, निळा काढून लिंडनबाखचा पिवळा चढवला आणि आपल्या जागी जाऊन उभी राहिली. ग्रॉसविजनची पोरं तिला चिडवत होती. ती बुटाची नाडी घट्ट करत होती.

सुदाम केकच्या टेबलामागे उभा होता. गावातल्या बायकांनी त्याला सुरी देऊन कामाला लावलं होतं. "अगं, आपण तिसरे आहोत," तो म्हणाला.

"दिसतंय मला. तुम्ही केक सरळ कापा."

मधल्या टप्प्यांत लिंडनबाख मागे पडलं. ग्रॉसविजन सर्वांत पुढे आणि पिवळे शर्ट चौथे. स्नेहलताला त्याची फिकीर नव्हती. चौथं येणं त्यांच्या सवयीचं होतं. दहा जण उतरले होते, जागा राहिली होती, आणि आज तिला तेवढंच हवं होतं.

आठव्याने युलेच्या हातात बॅटन दाबली, खो म्हणाला, आणि युले सुटली. ती खरंच मधलीच होती, पण आज मधली मुलगी आपलं सगळं काढून धावत होती. चेहरा केसांइतकाच लाल झाला होता. वळणावर तिने तिसऱ्या मुलाला गाठलं. पुढे ग्रॉसविजनचा नववा धावक शेवटच्या धावकापर्यंत पोचला होता. त्यांचा शेवटचा धावक सर्वांत वेगवान, आणि आपण जिंकलोच आहोत या खुशीत तो बॅटन हाती यायच्या आतच पुढे पळाला. बॅटन हवेत राहिली, मग मातीत पडली, आणि गोल असल्यामुळे बाजूच्या रांगेत घरंगळत गेली. तो मागे वळला, शोधू लागला. त्याच्या बाजूने दुसरी शाळा गेली, तिसरी गेली. युलेने ते सगळं पाहिलं. ते तिचे वर्गमित्र होते. तिने पाऊल आखडलं नाही. मैत्रीच्या हातात बॅटन दाबून ती पोटातून म्हणाली, "खो."

मैत्री तिसरी आली. ग्रॉसविजनचा मुलगा बॅटन घेऊन तिच्या मागून आला, चौथा.

लिंडनबाखच्या लोकांना काय करावं कळेना. इतक्या वर्षांत त्यांना तिसरं येण्याचा सराव नव्हता. केकच्या टेबलावरची एक म्हातारी सुदामला म्हणाली, "मग पुढच्या वर्षी आम्ही काय करायचं?"

निळ्या शर्टांतली दोन मुलं युलेकडे आली. "तू आम्हाला हरवलंस," एक जण म्हणाला.

"मी धावले तेव्हा तुम्ही पुढे होतात," युले म्हणाली. "बॅटन मी नाही पाडली." आणि ती पाणी प्यायला गेली. थोड्या वेळाने त्यातलाच एक तिला आपल्यातलं सॉसेज देताना दिसला.

पॉप माइकपाशी गेले. निकाल वाचून झाल्यावर त्यांनी डायरेक्टरांकडे पाहिलं आणि सावकाश सांगितलं, "शेवटची शाळा ग्रॉसविजन. त्यामुळे पुढल्या वर्षीची स्पर्धा ग्रॉसविजनला. हा नियम आहे, आणि त्यात कुठलीही फट नाही."

सगळं मैदान डायरेक्टरांकडे वळून बघू लागलं. महापौर, बँडवाले, केकवाल्या बायका, चारही शाळांची पोरं. हरल्यावर लगेच निघून जाणारी शाळा असं नाव कुणाला हवं असतं? शिवाय ग्रॉसविजनची पोरं आधीच आपसात ठरवू लागली होती, की आपल्याकडची शेगडी यापेक्षा मोठी आहे. मग डायरेक्टर मैदान ओलांडून स्नेहलतापाशी आले.

"फ्राउ गजभिये," ते म्हणाले, "आम्ही हे कधीच केलेलं नाही. सुरुवात कुठून करतात?"

स्नेहलताने सुदामकडून केकचा एक तुकडा घेतला, कागदी बशीत घालून त्यांच्या हातात दिला आणि शेजारची खुर्ची ओढली.

"बसा," ती म्हणाली. "आधी शेगडी कोण सांभाळणार ते ठरवू. आणि हो, पुढच्या वर्षी तुमच्याकडे एखादं मूल कमी पडलं तर सांगा. आमचं देऊ."