एक चाळीसचा गेटपास

भिवंडीजवळच्या पूर्णा गावातल्या गोडाऊनचा तो गुन्हा अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, बंदोबस्तात दगड खाल्ले. त्यातलं बरंचसं आता पुसट झालंय. हा साधा चोरीचा गुन्हा मात्र जसाच्या तसा आठवतो. कारण सरळ आहे. यात मी चुकलो होतो आणि कागदावर माझी चूक कुठेच दिसत नव्हती.

निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. भिवंडीत पोलीस निरीक्षक होतो. एका सोमवारी सकाळी हजेरी आटोपून मी चहा घेत होतो, तेवढ्यात पूर्ण्यातल्या एका मोठ्या गोडाऊनचा मॅनेजर फिर्याद द्यायला आला. रविवारी दुपारी मोबाईलच्या खोक्यांनी भरलेला एक टेम्पो त्यांच्या गेटमधून राजरोस बाहेर गेला होता. कुलूप तुटलेलं नाही, भिंत फुटलेली नाही. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर गेटपास बनला, गेटवरच्या केबिनमधल्या प्रिंटरवर छापून आला, वॉचमनने शिक्का मारला आणि दांडा वर केला. माल ज्या दुकानाच्या नावाने निघाला ते दुकानच नव्हतं.

वॉचमन उत्तरेकडचा, वयस्कर माणूस. तो म्हणाला, "साब, पर्ची आयी, नंबर मिलाया, गाडी छोड दी. इसमें मेरा क्या कसूर?"

त्याचा खरंच काही कसूर नव्हता. पास खरा होता, बनवणारा खोटा होता. आणि पासवर ऑफिसातल्या कॉम्प्युटर ऑपरेटरचा नंबर होता. वेळ दुपारी एक चाळीस.

ऑपरेटर पूर्ण्याचाच. पन्नाशीला आलेला, आगरी समाजातला, कमी बोलणारा. गोडाऊन उभं होतं ती जमीन त्याच्या वडिलांची. आपल्याकडे गावोगाव अशी गोडाऊनं झाली, तेव्हा शेतकऱ्यांनी पैशाबरोबर एक अट घातली होती, घरटी एक नोकरी. ही नोकरी त्या अटीतली. पुढे आपल्या जागी मुलाला घ्यायचं असं तोंडी ठरलेलं. गावात अशा नोकरीला लोक पगारासाठी जपत नाहीत. जमीन गेली, पण आपला पाय अजून तिथे आहे, एवढं त्यांना त्यातून दाखवायचं असतं.

त्याच दुपारी ठाण्याच्या लँडलाइनवर निनावी फोन आला. माणूस शहरी मराठीत, अगदी सावकाश बोलला. "रविवारी दीड ते अडीच त्या कॉम्प्युटरवर ऑपरेटर एकटाच असतो. त्याला विचारा." फोन बंद. मी खूश झालो. आता विचार करतो तेव्हा स्वतःचंच नवल वाटतं. खबरी माणूस नावं सांगतो, गाडीचा नंबर सांगतो, माल कुठे लपवलाय ते सांगतो. घड्याळ लावून वेळ सांगणारा खबरी मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. तिथेच माझे कान टवकारायला हवे होते.

मंगळवारी ऑपरेटरला चौकशीला बोलावलं. त्याने सांगितलं, "सायेब, मी खुर्चीवरच व्हतो. जागचा हाललो न्हाय. पन त्यो पास मी काढला न्हाय."

"खुर्चीवर तू होतास, पास तुझ्या नावाने निघाला, आणि तू काढला नाहीस?"

"न्हाय."

"मग भुताने काढला?"

वॉचमनला पुन्हा विचारलं, दोन हमालांना विचारलं. तिघेही एकच बोलले, ऑपरेटर जागेवरच होता. कंपनीच्या मुख्य ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्याकडून लॉगिनच्या नोंदीची एक प्रिंट मागवली. एक सदतीसला कोणीतरी ऑपरेटरचा पासवर्ड टाकून मशीनमध्ये शिरलं होतं. कुठून शिरलं, त्या रकान्यात एकशे सत्तावीसने सुरू होणारा एक आकडा. मी फोन करून अर्थ विचारला. उत्तर आलं, "साहेब, याचा अर्थ त्याच मशीनवरून. म्हणजे समोर बसून."

झालं. त्याचा जबाब, साक्षीदारांचे जबाब आणि यंत्राची नोंद, तिन्ही जुळले. पोलिसाला आणखी काय हवं असतं?

एकच माणूस वेगळं सांगत होता. ऑपरेटरची बायको. ती रोज दुपारी डबा घेऊन यायची आणि ठाण्याच्या बाहेरच्या बाकावर बसून राहायची. मंगळवारीच तिने मला जाता जाता गाठलं होतं.

"सायेब, ते दुपारचे घरा जेवाला येतात. आयतवारी पन आलते. बोंबलाचं कालवन व्हतं. जेवले, घटकाभर आडवे झाले, मंग गेले."

आतून ऑपरेटरचा आवाज आला, "तू गप ऱ्हा गो. तुला काय म्हाईत?"

मी हवालदाराकडे पाहिलं, हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. नवरा चौकशीला आला की प्रत्येक बायकोच्या घरी त्या वेळी कालवण शिजलेलं असतं, असं आम्ही एकमेकांना डोळ्यांनीच सांगितलं. तिचा जबाब मी घेतला नाही. स्टेशन डायरीत तिची ओळसुद्धा नाही.

तीन दिवस त्याला रोज बोलावलं. मारहाण माझ्या ठाण्यात होत नसे, पण बसवून ठेवणं हीसुद्धा एक मारच असते. गावातून येणारेजाणारे त्याला बाकावर बसलेला बघत होते. चोर हा शब्द पूर्ण्यात पोहोचायला रिक्षाएवढाच वेळ लागतो. गुरुवारी संध्याकाळी मी ठरवलं, आता अटक करायची. शुक्रवारी कागद तयार करायचे, शनिवारी कोर्टात उभं करून रिमांड मागायचा.

रिमांडसाठी लॉगिनची पूर्ण नोंद प्रमाणपत्रासकट लागणार होती. मशीन ताब्यात ठेवून तिथे आमचा एक हवालदार बसवला होता. नोंद काढायला त्या गोडाऊनच्या कॉम्प्युटरची देखभाल करणारा इंजिनियर बोलावला. भिवंडीच्या बाजारपेठेत त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं. तिशीतला, तोंडात सतत बडीशेप. त्याला म्हटलं, चल, पूर्ण्याला गाडी जातेय.

"जायला कशाला पाहिजे, सर? इथूनच काढून देतो. मी दुकानात बसूनच त्यांचं सगळं बघतो."

त्याने माझ्या टेबलावर लॅपटॉप उघडला. दहा मिनिटं खटपट केली. काही होईना.

"काय झालं?"

"आज शुक्रवार ना, लाइनच्या दुरुस्तीचा दिवस. दुपारपर्यंत त्या बाजूची लाइट नव्हती. मशीन बंद पडलं, परत चालू झालं, पण लाइन जुळत नाही."

मला यातलं ओ का ठो कळत नव्हतं. पण माणूस आपल्या कामाबद्दल बोलायला लागला की त्याला बोलू द्यावं, ही माझी जुनी सवय. म्हटलं, नीट समजावून सांग.

त्याने सांगितलं ते असं. गोडाऊनच्या मशीनला बाहेरून कोणी हात लावू शकत नाही, सगळी दारं बंद. म्हणून ते मशीनच आतून बाहेर एक लाइन टाकून ठेवतं, मधल्या एका सर्व्हरपर्यंत. बोगदाच म्हणा. इंजिनियर आपल्या दुकानातून त्या सर्व्हरवर जातो आणि तिथून त्या बोगद्याने उलटा आत उतरतो. लाइट गेली की बोगदा तुटतो. लाइट आली की मशीन नवा टाकायला जातं, पण सर्व्हरला जुना मेल्याचा पत्ताच नसतो.

"रिक्षात रुमाल टाकून सीट धरतात ना सर, तसं. माणूस उतरून गेला, रुमाल तिथेच. नवा माणूस बसणार कुठे? तो रुमाल उचलायला लागेल."

त्याने सर्व्हरवर जाऊन तो रुमाल उचलला. मिनिटभर थांबला. मग म्हणाला, "जुळली. बघा, गेलो आत."

त्याच वेळी माझा फोन वाजला. पूर्ण्याहून हवालदार. मी त्याला लॉगिनच्या नोंदीवर नजर ठेवायला सांगितलं होतं.

"सर, इथे आत्ता कोणीतरी मशीनमध्ये शिरलं. नवीन ओळ आली."

"कुठून आलं म्हणतंय?"

"तेच, एकशे सत्तावीसवालं. त्या दिवशीच्या प्रिंटसारखंच. पण सर, खोलीत मी एकटाच आहे. खुर्ची रिकामी आहे."

मी समोर पाहिलं. इंजिनियर माझ्या टेबलाशी बसून बडीशेप चघळत होता.

"तू इथे बसलायस ना?" मी विचारलं.

"हो सर."

"मग मशीन तुला तिथला का म्हणतंय?"

"ते तसंच म्हणणार. बोगद्याचं तोंड त्याच मशीनच्या आत उघडतं. त्यातून कोणीही येऊ दे, मशीनला तो घरातलाच वाटतो."

अटकेचा कागद त्याच टेबलावर, त्याच लॅपटॉपखाली होता. फक्त माझी सही बाकी होती.

"या बोगद्याने तुझ्याशिवाय कोण येऊ शकतं?"

"कोणीच नाही सर. चावी लागते, म्हणजे कॉम्प्युटरमधली एक फाइल, ती माझ्याकडेच," असं म्हणत त्याने सर्व्हरवरची चाव्यांची यादी उघडली आणि त्याचं बडीशेप चघळणं थांबलं. यादीत दोन चाव्या होत्या. दुसरी डिस्पॅचच्या, म्हणजे माल रवाना करणाऱ्या विभागाच्या एका सुपरवायझरची, घरून काम बघता यावं म्हणून कधीतरी दिलेली. पाच-सहा महिन्यांपूर्वी कंपनीने त्याला काढून टाकलं होतं. माणूस काढला, त्याची चावी काढायची राहून गेली. ऑपरेटरचा पासवर्ड त्याला ठाऊक असणारच, कीबोर्डखाली चिठ्ठीवर लिहून चिकटवलेला होता. सर्व्हरच्या नोंदीत रविवारी एक पस्तीसला तीच चावी लागली होती.

पुढचं काम आमच्या नेहमीच्या वाटेने झालं. इंटरनेट कंपनीला पत्र गेलं आणि जवळच्याच शेलार गावातल्या एका खोलीचा पत्ता निघाला. छाप्यात निम्म्याहून जास्त खोकी मिळाली. सुपरवायझरने कबुली द्यायला फार वेळ घेतला नाही. निनावी फोनही त्याचाच. "तो जेवायला घरी जातो हे आख्ख्या गोडाऊनला माहीत होतं साहेब," तो म्हणाला. "पण तो कबूल करणार नाही, हे मला माहीत होतं."

हे वाक्य मी सुपरवायझरच्या तोंडून ऐकलं, तेव्हा मला लाज वाटली. तो दुपारी घरी जेवायला जातो, हे मला त्याच्या बायकोने मंगळवारीच सांगितलं होतं.

ऑपरेटरला पुन्हा बोलावलं. या वेळी बाकावर नाही, माझ्यासमोर खुर्चीत बसवलं. चहा मागवला आणि आपोआप 'तुम्ही' तोंडात आलं.

"रविवारी एक चाळीसला तुम्ही कुठे होता?"

या वेळी त्याने खरं ते सांगितलं. गोडाऊनच्या मागच्या कुंपणात एक छोटं फाटक होतं, तिथून जुन्या शेताचा बांध थेट त्याच्या घरामागे जायचा. त्या बाजूला कॅमेरा नव्हता. वीस वर्षं शेत करताना तो दुपारी त्याच बांधावरून घरी जेवायला जात होता. शेत गेलं, गोडाऊन आलं, जेवायची वाट तीच राहिली. ड्युटी सोडून बाहेर गेल्यास नोकरी जाईल, असं नेमणुकीच्या कागदात लिहिलेलं होतं. म्हणून तो खुर्ची सोडली नाही म्हणत राहिला. वॉचमन आणि हमालही त्याला सांभाळायला तेच बोलले. त्याच्या भल्यासाठी बोललेल्या त्या खोट्यानेच तो चोर ठरत होता.

"सायेब," तो म्हणाला, "मी चोर न्हाय येवढंच लिवा. जेवाला घरा गेलतो ते लिवू नका. पोराची नोकरी हाय ती."

मी सरकारी वकिलांना विचारलं. ते म्हणाले, पहिला जबाब तसाच राहिला तर आरोपीचा वकील तोच वाचून दाखवील. ऑपरेटर स्वतःच म्हणतो मी खुर्चीवर होतो, तर मग पास त्यानेच काढला. पुरवणी जबाब घ्यावाच लागेल. आणि फिर्यादी कंपनीच होती, म्हणजे तिला सगळं कळणारच.

पुरवणी जबाब घेतला तेव्हा त्याची बायको शेजारी बसली होती. तिचाही जबाब आता हवा होता, नवरा घरी होता याची साक्षीदार म्हणून. लेखनिकाने पहिली ओळ लिहिली आणि वाचून दाखवली. ती माझ्याकडे बघत म्हणाली,

"मंगलवारी मी हेच बोल्ले व्हते. तवा तुमाला कागुद गावला न्हाय. आता नोकरी जायाची तं गावला."

मी कागद तिच्यापुढे सरकवला. तिने अंगठा नाही उमटवला, सही केली. स्वच्छ, शाळेतल्यासारखी सही.

चार्जशीटनंतर महिनाभरात कंपनीने ऑपरेटरला काढलं. कारण, ड्युटीच्या वेळेत विनापरवानगी गैरहजर. मी मॅनेजरला जाऊन भेटलो. त्याने चहा पाजला आणि नियम दाखवला. नियमात चूक काढता येत नव्हती. सुपरवायझरला पुढे शिक्षा झाली, मला वरिष्ठांकडून शाबासकीचं पत्र मिळालं. ते अजून फाइलमध्ये आहे.

मंगळवारीच तिचं ऐकलं असतं तर नोकरी वाचली असती का? नसती. खरं कधी ना कधी कागदावर आलंच असतं. पण तो माणूस तीन दिवस गावासमोर चोर म्हणून बाकावर बसला, तेवढं तरी टळलं असतं. यंत्र खोटं बोललं नव्हतं, ते आपल्या दाराशी कोण उभं आहे एवढंच सांगत होतं. कुठून आला हे विचारणं माझं काम होतं. आणि सगळे जबाब एकमेकांना इतके घट्ट जुळले तेव्हा मी थांबून शंका घ्यायला हवी होती, मी समाधान मानलं.

निवृत्तीपर्यंतची उरलेली दोन वर्षं मी एक नियम पाळला. संशयितासाठी डबा घेऊन जी बाई यायची, तिला आधी आत बोलावून खुर्ची द्यायची आणि ती काय म्हणते ते तिच्या शब्दांत लिहून घ्यायचं. बहुतेक वेळा ती खोटंच बोलायची. तरी मी लिहून घेत असे.